हिप्नोबर्थिंग: कळा तर येतातच, मग बाळंतपणाचा अनुभव ‘चांगला’ कसा होतो?

फेब्रुवारी २०२० मध्ये केट मिडलटन, म्हणजे ब्रिटनच्या आताच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स, ‘हॅपी मम, हॅपी बेबी’ या पॉडकास्टवर आपल्या बाळंतपणांबद्दल मोकळेपणाने बोलल्या. पहिल्या वेळी गरोदरपणात त्यांना इतक्या उलट्या होत होत्या की डिसेंबर २०१२ मध्ये हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं होतं. त्या दिवसांत खोल श्वास आणि ध्यान यांचा आपल्याला उपयोग होतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे प्रसूतीच्या वेळीही त्यांनी तेच तंत्र वापरलं. त्या तंत्राचं नाव हिप्नोबर्थिंग. प्रसूतीचा काळ आपल्याला चक्क आवडला, कारण याला कधीतरी शेवट आहे हे माहीत होतं, असंही त्यांनी सांगितलं.

बाळंतपण ‘आवडलं’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं ऐकतच मुली मोठ्या होतात. दुसरीकडे इन्स्टाग्रामवर हिप्नोबर्थिंग शोधलं, तर मंद दिव्यात डोळे मिटून शांतपणे श्वास घेणाऱ्या बायकांचे व्हिडिओ एकामागून एक येतात. पहिलटकरणीने मग विश्वास कशावर ठेवायचा? आईने आणि मावशीने सांगितलेल्या गोष्टींवर की त्या व्हिडिओंवर?

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्यासाठी हिप्नोबर्थिंगमुळे काय होतं आणि काय होत नाही, हे वेगवेगळं पाहायला हवं.

हिप्नोबर्थिंग म्हणजे नेमकं काय?

नावात ‘हिप्नो’ आहे, म्हणजे संमोहन. पण इथे लोलक हलवणारा जादूगार नसतो आणि बाईला कुणी बेशुद्धही करत नाही. यातलं संमोहन बाई स्वतःच स्वतःवर करते. ती जागी असते, तिला सगळं ऐकू येतं, ती बोलू शकते आणि वाटेल तेव्हा थांबू शकते.

लोकलमध्ये पुस्तक वाचता वाचता आपलं स्टेशन निघून गेलं, असं अनेकांचं झालेलं असतं. गर्दी तीच, गोंगाट तोच, पण लक्ष दुसरीकडे गुंतलेलं. हिप्नोबर्थिंगमध्ये अशीच एकाग्रता ठरवून आणायला शिकवतात. गरोदरपणाच्या शेवटच्या काही महिन्यांत रोज सराव केला, की कळा सुरू झाल्यावर शरीर सैल सोडण्याची सवय कामी येईल, अशी त्यामागची कल्पना आहे.

साधारणपणे या तयारीत पुढच्या गोष्टी असतात:

• श्वास: नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा. बऱ्याच ठिकाणी चार मोजून आत आणि आठ मोजून बाहेर, असं शिकवतात.

• शरीर सैल करणं: कपाळ, जबडा, खांदे, हाताच्या मुठी असं एकेक करत सगळं ढिलं सोडायचं.

• डोळ्यांसमोर चित्र आणणं: उमलणारं फूल, किनाऱ्याकडे येणारी लाट, किंवा मनाला शांत वाटेल अशी ओळखीची जागा.

• ऑडिओ: ठरावीक आवाजातल्या सूचना रोज ऐकायच्या. तोच आवाज लेबर रूममध्ये ऐकला की शरीराला सवयीचं वाटतं.

• जोडीदाराची तयारी: पाठीवरून हलका हात कसा फिरवायचा, कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं.

यातली शेवटची गोष्ट वरवर किरकोळ वाटते. तिचं महत्त्व पुढे दिसेल.

ही कल्पना आली कुठून?

या विचाराचं मूळ ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरपर्यंत जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका प्रसूतीसाठी गेले होते. त्या बाईला त्यांनी क्लोरोफॉर्म देऊ केला, तिने नको म्हटलं. नंतर कारण विचारल्यावर तिचं म्हणणं असं पडलं की दुखलंच नाही, आणि मुळात दुखायला हवं होतं का, असा उलटा प्रश्न तिने डॉक्टरांना केला. हा प्रसंग डिक-रीड यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला.

१९३३ मध्ये त्यांचं ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ हे पुस्तक आलं. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: भीती वाटली की शरीर ताठरतं, शरीर ताठरलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती आणखी वाढते. हे चक्र भीतीपाशीच तोडा, असं त्यांचं सांगणं होतं.

त्या काळी अनेक बायकांना प्रसूतीच्या वेळी गुंगीचं औषध दिलं जायचं. बाळ जन्मल्याचं आईला नंतर कळायचं. त्या पार्श्वभूमीवर ‘बाईला जागं राहू द्या, तिला काय चाललंय ते समजावून सांगा’ हे म्हणणं मोठं होतं.

पण डिक-रीड यांच्या विचारांना दुसरी बाजूही होती. ‘आदिम’ समाजातल्या बायका सहज बाळंत होतात आणि शिकलेल्या शहरी बायका भीतीमुळे कुंथतात, असं ते मानत. आपल्याकडचं ‘पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होऊन पुन्हा कामाला लागायच्या’ हे वाक्य याच जातीचं. त्यात अर्धीच गोष्ट येते. ज्या बायका वाचल्या नाहीत, त्या गोष्ट सांगायला उरल्या नाहीत. भारतात २००१–०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. हॉस्पिटलमधल्या प्रसूती, रक्ताची सोय, औषधं आणि वेळेवर झालेली सिझेरियन यांचा त्यात मोठा वाटा आहे.

पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी डिक-रीड यांच्या विचाराला स्व-संमोहनाची जोड दिली आणि ‘हिप्नोबर्थिंग’ या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. मोंगन स्वतः चार मुलांच्या आई होत्या. आज हे नाव अशा सगळ्याच तयारीसाठी सरसकट वापरलं जातं.

भीतीचा आणि कळांचा खरंच संबंध आहे का?

काही अंशी आहे. कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, गर्भाशयाचं तोंड वर ओढलं जातं, पातळ होतं आणि हळूहळू सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं. हे काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतं. माणूस घाबरला की अॅड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात. प्रसूतीच्या सुरुवातीच्या टप्प्यात अॅड्रेनलिन वाढलं तर कळा मंदावू शकतात. घरी नियमित येणाऱ्या कळा हॉस्पिटलच्या दारात पोहोचल्यावर अचानक थांबल्या, हा अनुभव अनेक बायका सांगतात.

नॉर्वेमध्ये २,२०६ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना बाळंतपणाची तीव्र भीती होती, त्यांची प्रसूती इतरांपेक्षा जास्त वेळ चालली. इतर कारणांचा परिणाम वजा केल्यावरही हा फरक सरासरी ४७ मिनिटांचा होता.

म्हणजे भीती कमी करण्यात अर्थ आहे. पण यावरून ‘भीती नसेल तर दुखणारच नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, ओटीपोटावर दाब येतो, बाळाचं डोकं कोणत्या बाजूला वळलेलं आहे त्यावरही दुखणं अवलंबून असतं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर कंबर मोडून पडेल असं दुखतं. त्या बाईने सराव कमी केला म्हणून तसं होत नाही.

मराठीतली अडचण: ‘कळ’

हिप्नोबर्थिंगमध्ये शब्दांवर फार भर असतो. इंग्रजीत ‘कॉन्ट्रॅक्शन’ऐवजी ‘सर्ज’ म्हणजे उसळी किंवा लाट म्हणायचं, ‘पेन’ऐवजी ‘प्रेशर’ म्हणायचं, असं सांगतात. शब्द बदलला की मनातलं चित्र बदलतं, हा त्यामागचा विचार.

मराठीत इथे वेगळीच गंमत होते. इंग्रजीत आकुंचनाला एक शब्द आणि वेदनेला दुसरा. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, कळ. डोक्यात कळ, दातात कळ आणि बाळंतपणाचीही कळच. ‘कळा सुरू झाल्या’ म्हणताना आपण त्याच श्वासात ‘दुखायला लागलं’ असंही म्हणून टाकतो.

पण याच भाषेत ‘जरा कळ काढ’ असंही म्हणतात. म्हणजे थोडं थांब, हेही निघून जाईल. प्रत्येक कळ साधारण मिनिटभराची असते आणि दोन कळांच्या मध्ये विश्रांती मिळते, हे ज्या बाईला माहीत असतं, ती एका वेळी एकच कळ काढते. ‘अजून किती तास?’ या प्रश्नापेक्षा ‘ही एक कळ’ एवढंच समोर ठेवणं सोपं जातं. या तयारीतल्या श्वासाचा हिशोबही त्या एका मिनिटाचाच असतो.

संशोधन काय सांगतं?

इथे जाहिराती आणि पुरावे यांच्यातलं अंतर दिसायला लागतं.

इंग्लंडच्या वायव्य भागातल्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये पहिल्यांदा आई होणाऱ्या ६८० स्त्रियांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना त्याबरोबर स्व-संमोहनाची ९० मिनिटांची दोन सत्रं आणि घरी ऐकायला ऑडिओ. वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यात देतात ते एपिड्युरल किती जणींनी घेतलं, हे पाहायचं होतं. स्व-संमोहन शिकलेल्यांपैकी २७.९ टक्के, तर इतरांपैकी ३०.३ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका छोटा आहे.

त्याआधी डेन्मार्कमध्ये १,२२२ स्त्रियांवर अशीच चाचणी झाली होती. तिथे तीन गट होते: स्व-संमोहन, नुसता शरीर सैल सोडण्याचा सराव आणि नेहमीची सेवा. एपिड्युरल घेण्याचं प्रमाण तिन्ही गटांत ३० टक्क्यांच्या आसपासच राहिलं.

२०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने नऊ चाचण्या आणि २,९५४ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. वेदनाशामक औषधांची एकूण गरज संमोहनामुळे थोडी कमी होत असावी, पण एपिड्युरल घेण्याच्या प्रमाणात किंवा नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसत नाही, असं त्यात आढळलं. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्येही २००७ मध्ये अशीच मधली भूमिका घेतली होती: वेदनेवरचा उपाय म्हणून संमोहन हॉस्पिटलने पुरवू नये, पण एखादीला ते वापरायचं असेल तर तिला अडवूही नये.

एवढंच वाचलं तर ‘मग उपयोग काय?’ असं वाटेल. पण याच दोन चाचण्यांमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. इंग्लंडमधल्या स्त्रियांना बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा स्व-संमोहन शिकलेल्यांनी सांगितलं की प्रत्यक्षात भीती आणि चिंता अपेक्षेपेक्षा कमी वाटली. डेन्मार्कमध्ये बाळंतपणाचा अनुभव मोजणारी ० ते १६५ गुणांची प्रश्नावली वापरली होती. त्यात गुण जितके कमी, तितका अनुभव चांगला. स्व-संमोहनाच्या गटाची सरासरी ४२.९ आली, बाकी दोन गटांची ४७.२ आणि ४७.५. फरक मोठा नाही, पण तो दिसला.

सुई घेणाऱ्या जवळपास तितक्याच होत्या, तरी मागे वळून पाहताना बाळंतपण थोडं कमी भीतीदायक वाटलं. केट यांच्यासारखे अनुभव आणि हे आकडे इथे एकमेकांना भेटतात.

मग नेमकं काय बदलतं?

समजा, दोघी मैत्रिणी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. दोघींच्याही कळा १४ तास चालल्या, दोघींनीही शेवटी एपिड्युरल घेतलं. केस पेपरवर दोघींची नोंद सारखीच.

पहिली एकटी होती. आत कुणाला येऊ दिलं नाही. ओरडल्यावर ‘ए बाई, आवाज कमी’ असं ऐकावं लागलं. सलाइनमधून काय देताहेत ते कुणी सांगितलं नाही. पुढे काय होणार, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरीजवळ तिची आई होती. सिस्टर प्रत्येक वेळी सांगत होत्या, ‘ताई, आता तपासणार आहे, श्वास सोडा.’ दहाव्या तासाला तिनेच डॉक्टरांना म्हटलं, ‘आता नाही सहन होत, मला सुई हवी.’ डॉक्टरांनी फायदे-तोटे सांगितले, तिने होकार दिला.

दहा वर्षांनी विचारा. पहिली म्हणेल, फार वाईट झालं. दुसरी म्हणेल, दुखलं खूप, पण छान झालं. दोघींमधला फरक दुखण्याचा नव्हता. दुसरीला काय चाललंय ते माहीत होतं, तिच्याजवळ तिचं माणूस होतं आणि निर्णयात तिचं ऐकलं गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या वेळच्या सेवेसाठी ५६ शिफारशी दिल्या. त्यांच्या शीर्षकातच ‘सकारात्मक प्रसूती अनुभव’ हे शब्द आहेत. बाईला मानाने वागवा, तिला समजेल असं सांगा, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या, असं त्यात म्हटलंय. वेदना कमी करायला श्वास, संगीत, शरीर सैल सोडणं हे उपाय बाईच्या इच्छेनुसार चालतील आणि तिने मागितलं तर एपिड्युरलही द्यावं, असंही त्यात आहे. संघटनेच्या यादीत हे उपाय शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यात भांडण नाही.

सोबतीबद्दलचा पुरावा तर संमोहनापेक्षा भक्कम आहे. प्रसूतीभर कुणीतरी सतत सोबत असण्यावर १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती कॉक्रेनने २०१७ मध्ये तपासली. सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, प्रसूतीचा वेळ थोडा कमी आणि ‘अनुभव वाईट होता’ म्हणणाऱ्याही कमी आढळल्या.

हिप्नोबर्थिंगच्या चांगल्या क्लासमध्ये जोडीदाराला दिलेली तयारी इथे कामाला येते. डॉक्टरांनी एखादा उपाय सुचवला की काय विचारायचं, यासाठी बऱ्याच ठिकाणी पाच प्रश्न शिकवतात: याचा फायदा काय? धोका काय? दुसरा पर्याय आहे का? आपलं मन काय म्हणतं? आणि थोडा वेळ काहीच केलं नाही तर चालेल का? तातडीची वेळ असेल तर डॉक्टर ‘थांबता येणार नाही’ असं सांगतील. तेही एक उत्तरच आहे, आणि ते कळल्यावर होकार देणं सोपं जातं.

सोशल मीडियावरचे अनुभव कसे वाचायचे?

‘हिप्नोबर्थिंगमुळे माझं बाळंतपण सुंदर झालं’ अशी पोस्ट लिहिणारी बाई खोटं बोलत नसते. पण पोस्ट कोण लिहितं, हे पाहायला हवं. ज्यांचं सगळं मनासारखं झालं, त्या उत्साहाने लिहितात. ज्यांनी तोच क्लास केला आणि शेवटी घाईने ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागलं, त्या बहुतेक वेळा गप्प राहतात.

शिवाय असा क्लास लावणाऱ्यांकडे बहुधा पैसे, मोकळा वेळ, समजूतदार जोडीदार आणि चांगलं हॉस्पिटल असतं. त्यांचा अनुभव चांगला होण्यात या गोष्टींचाही हात असतो. संशोधक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून गट पाडतात, ते याचसाठी. क्लासचा परिणाम आणि बाकीच्या गोष्टींचा परिणाम त्यामुळे वेगळा करता येतो.

‘नॅचरल’चा हट्ट कुठे अंगाशी येतो?

इंग्लंडमधल्या श्रुसबरी आणि टेलफर्ड इथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या प्रसूती सेवेची मोठी चौकशी झाली. डोना ओकेंडन यांच्या समितीने १,४८६ कुटुंबांची प्रकरणं तपासली आणि मार्च २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. चांगली सेवा मिळाली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचण्याची शक्यता होती, असं त्यात म्हटलं होतं. तिथलं सिझेरियनचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा सतत कमी होतं आणि त्याचं कौतुक होत असे. काही बायकांचं सिझेरियन वेळेवर झालं नाही.

या घटनांना हिप्नोबर्थिंग जबाबदार नव्हतं. पण ‘नॉर्मल’ हेच ध्येय ठरवलं की काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने हॉस्पिटलांना सांगितलं की सिझेरियनच्या टक्केवारीवरून आपलं काम मोजणं थांबवा.

घरातल्या पातळीवर हाच हट्ट वेगळ्या रूपात येतो. क्लासमध्ये ‘शरीरावर विश्वास ठेव, सगळं आपोआप होईल’ असं महिनोन्‌महिने ऐकलेली बाई सिझेरियननंतर स्वतःलाच दोष देते. मी नीट श्वास घेतला नाही, मी घाबरले, माझंच चुकलं. बाळाचे ठोके कमी होणं, वार खाली असणं, बाळ आडवं असणं, यातलं काहीच श्वासाच्या हातात नसतं. अपराधीपणा देऊन जाणारी तयारी ही चांगली तयारी म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत लामाझ, गर्भसंस्कार आणि आता हिप्नोबर्थिंग असे क्लास शेजारी शेजारी चालतात. पण राज्याचे आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशभरात हे प्रमाण २१.५ टक्के आहे. देशातल्या सरकारी हॉस्पिटलांत ते १४.३ टक्के, तर खासगी हॉस्पिटलांत ४७.४ टक्के.

खासगीतल्या या आकड्यावर वाद आहेत आणि गरज नसताना होणाऱ्या सिझेरियनचा प्रश्न खरा आहे. पण क्लास लावणाऱ्या गरोदर बाईसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. राज्यात चारातल्या एकीचं सिझेरियन होतं. तेव्हा फक्त नॉर्मल झालं तरच उपयोगी पडेल अशी तयारी अपुरी आहे. तोच लांब श्वास पाठीत भुलीची सुई देतानाही कामी येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये सोबत कुणाला येता येईल का, बाळाला लगेच छातीशी देतील का, हे आधीच विचारून ठेवता येतं.

सरकारी हॉस्पिटलांत प्रसूतीच्या वेळी बाईसोबत घरातली एक स्त्री असू द्यावी, असा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूमची गुणवत्ता सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात बाईला मानाने वागवण्यावरही भर आहे. क्लासची फी परवडत नसलेल्या बाईसाठी हे दोन निर्णय जास्त मोलाचे आहेत. त्यामुळे नाव नोंदवताना ‘कळांच्या वेळी आई किंवा बहीण आत राहू शकेल ना?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

क्लास लावायचा असेल तर काय बघाल?

• ‘वेदनारहित प्रसूती’ किंवा ‘नॉर्मल डिलिव्हरीची हमी’ असं कुणी म्हणत असेल तर लांब राहा. अशी हमी कुणालाच देता येत नाही.

• एपिड्युरल आणि सिझेरियनबद्दल क्लासमध्ये नीट माहिती देतात का, ते विचारा. हे विषय टाळले जात असतील तर तयारी अर्धीच होईल.

• डॉक्टरांची औषधं, तपासण्या किंवा सोनोग्राफी बंद करायचा सल्ला मिळाला तर तो क्लास सोडा.

• आधी मानसिक आजाराचे उपचार झाले असतील किंवा चालू असतील, तर संमोहनाचा सराव सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

• सोबत राहणाऱ्या माणसालाही क्लासला न्या. कळा वाढल्यावर सगळं आठवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

• रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं किंवा पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर श्वासाचा सराव करत घरी बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

क्लास न लावताही यातलं बरंच काही करता येतं. रोज दहा मिनिटं लांब श्वासाचा सराव, कळा कशा येतात याची माहिती, सोबत कोण राहणार हे आधी ठरवणं आणि आपल्या चार इच्छा एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवणं, याला पैसे लागत नाहीत. त्या कागदावर सर्वात खाली एक ओळ जरूर लिहा: ‘वेळ आली तर यातलं काहीही बदलायची आमची तयारी आहे, फक्त आम्हाला सांगून करा.’